नोंदवहीतलं कूळ : एका फिलिपिनो घराण्याच्या पाच पिढ्या



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना कुलवृत्तांत वाचायची भारी हौस. त्यावर तिरकस शेरे मारायची हौस त्याहून मोठी. मूळ पुरुष अमुक गावाहून तमुक गावी आला, हे लिहिताना भलाभला संपादकही हळवा होतो आणि तो का आला, कर्ज बुडवून की दुष्काळाने, हा प्रश्न गाळून पुढे सरकतो, असं ते म्हणत. म्हणून आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून एक कुलवृत्तांतच सांगायचं ठरवलं. घराणं आपल्याकडचं नाही. फिलिपीन्समधल्या लगुना प्रांतातलं आहे. त्यातला पाचव्या पिढीचा मुलगा होसे रिसाल. डॉक्टर, कादंबरीकार, आणि वयाच्या ३५ व्या वर्षी स्पॅनिश सरकारने गोळ्या घालून मारलेला राष्ट्रपुरुष. १९५६ सालच्या एका कायद्याने त्याचं चरित्र तिथल्या प्रत्येक शाळा-कॉलेजात सक्तीने शिकवलं जातं. त्यामुळे त्याच्या पणजोबा-खापरपणजोबांची नावं तिथल्या मुलांना पाठ असतात; आपल्यापैकी कितीजणांना स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येईल, ते मी विचारत नाही.

या घराण्याबद्दल बोलताना पहिल्याच वाक्यात ‘मिश्र रक्त’ हा शब्द येतो. चिनी इतकं, जपानी तितकं, स्पॅनिश एक चिमूट. मला या हिशेबात फारसा रस नाही. हे घराणं खरं घडलं ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आणि सरकारच्या करवहीत. त्र्यंबकेश्वरच्या भटजींची वही आपल्या सोयीसाठी असते, आपण जाऊन त्यात नाव घालतो. ही वही दुसऱ्याच्या सोयीची होती. तरीही या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या वहीत स्वतःला हवं तसं लिहून घेण्याचा खटाटोप केला, आणि बऱ्याचदा तो साधला. आजचं माझं सांगणं एवढंच आहे.

पहिली नोंद १६९७ च्या जून महिन्यातली. मनिलाच्या तटाबाहेर चिनी लोकांची पारियान नावाची वस्ती होती, तिथल्या सान गाब्रिएल चर्चमध्ये सुमारे ३५ वर्षांच्या एका चिनी माणसाचा बाप्तिस्मा झाला. वार रविवार होता म्हणून नाव दोमिंगो पडलं, असं ऑस्टिन क्रेग सांगतो. क्रेग हा मनिलाच्या विद्यापीठात शिकवणारा अमेरिकन इतिहासकार. त्याने १९१३ साली रिसालच्या वंशाचा शोध घेणारं पुस्तक छापलं आणि आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्याकडून आलेलं आहे. हा दोमिंगो लॅम-को मूळचा दक्षिण चीनमधल्या फूच्येन प्रांतातला, च्वान्चौजवळच्या जिन्ज्यांग भागातला. मनिलाच्या चिनी व्यापाऱ्यांपैकी बहुतेक त्याच पट्ट्यातले. आजही फिलिपीन्समधल्या कितीतरी बड्या घराण्यांच्या आडनावांना शेवटी ‘को’ असतो. त्यांच्या बोलीत ते थोरल्या भावाला लावायचं आदराचं संबोधन. आपल्याकडे ‘दादा’ आडनावात मुरावं तसंच.

पारियान हे प्रकरण समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही उलगडत नाही. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं येजा करत. तिकडून चांदी, इकडून चिनी रेशीम. व्यापाराला चिनी माणूस हवाच होता आणि त्याची भीतीही तितकीच होती. म्हणून तो तटाबाहेर, तोफांच्या माऱ्यात येईल इतक्या अंतरावर ठेवलेला. मनिलातल्या स्पॅनिश माणसाच्या पायातला जोडा आणि ताटातला पाव चिनी हातचा, आणि १६०३ मध्ये याच चिन्यांची हजारोंनी कत्तल झाली. १६३९ मध्ये पुन्हा झाली. या सगळ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या चिन्याची गोष्ट वेगळी. त्याला स्थानिक बाईशी लग्न करता येई, मनिलाच्या नदीपलीकडे बिनोन्दोत राहता येई. बिनोन्दो १५९४ साली अशाच ख्रिस्ती चिन्यांसाठी वसवलेलं. बाप्तिस्मा हा श्रद्धेचा भाग असेलही; परवाना म्हणूनही तो चालत होता, यात शंका नको.

लॅम-कोने लग्न केलं ते इनेस दे ला रोसा हिच्याशी. वयाने त्याच्या निम्मी. नाव स्पॅनिश, बाप ऑगुस्तिन चिनको हा मनिलातला चिनी व्यापारी. म्हणजे ‘चिनी पुरुष आला, स्थानिक मुलीशी लग्न झालं आणि दोन संस्कृतींचा संगम झाला’ हे जे चित्र शाळेच्या पुस्तकात काढतात, तसं ते नाही. जातीतलीच सोयरीक होती. पुढच्या पिढ्यांतही मुलगी शोधली गेली ती आपल्यासारख्याच घरात. आपल्याकडच्या स्थळं पाहणाऱ्या मंडळींना हे सांगावं लागू नये.

आता करवही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पॅनिश सरकारने रयतेची कर भरणाऱ्या गटांत पक्की विभागणी केली. मूळचे लोक ते इंदियो. चिनी ते सांग्ले. चिनी बाप आणि स्थानिक आई यांची संतती ती मेस्तिसो. स्पॅनिश माणूस आणि त्याची संतती यांना हा डोईपट्टीसारखा कर नव्हताच. इंदियोच्या दुप्पट मेस्तिसोने भरायचं, चिन्याने त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक गटाची स्वतंत्र वही, तिला म्हणत पाद्रोन. जिथे मेस्तिसोंची संख्या पुरेशी असेल तिथे त्यांचा वेगळा मुखिया, मिरवणुकीत वेगळी जागा, आणि त्या जागेवरून भांडणं.

नियम बापाकडून चाले. मेस्तिसोचा मुलगा मेस्तिसो, बायको कोणीही असो. बाईचं मात्र लग्नाबरोबर बदलायचं. मेस्तिसो बाई इंदियोच्या घरात गेली की ती इंदियो, तिची मुलंही इंदियो. दोन बहिणी दोन घरांत दिल्या की दोघींच्या मुलांच्या अंगात तेच आजोळचं रक्त आणि कर मात्र एकीकडे दुप्पट. वंशशास्त्र म्हणावं असं यात काही नाही, हा निव्वळ महसूल खात्याचा कारभार. १८१० च्या सुमारास देशाच्या साधारण २५ लाख वस्तीत चिनी मेस्तिसो म्हणून नोंदलेले सुमारे १,२०,००० होते. पाच टक्के. प्रत्यक्षात ज्यांच्या घरात कधीतरी चिनी आजोबा होता असे किती, ते कोणत्या वहीत सापडणार?

जास्त कर भरून मेस्तिसोला मिळे ते स्वातंत्र्य. चिन्याला देशात मोकळेपणी फिरता येत नसे. मेस्तिसो कुठेही जाऊ शके, जमीन घेऊ शके. १७५५ मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या चिन्यांना हाकललं गेलं. १७६२ ते १७६४ इंग्रजांनी मनिला ताब्यात घेतलं, चिन्यांनी त्यांना साथ दिली, म्हणून स्पॅनिश परतल्यावर पुन्हा हकालपट्टी झाली. जी बाजारपेठ रिकामी पडली ती मेस्तिसोंनी भरली. लॅम-कोचे वंशज वर आले ते या हवेवर.

लॅम-को स्वतः मनिला सोडून लगुना तळ्याकाठच्या बिन्यानला गेला. तिथली जमीन दोमिनिकन साधूंच्या मठाची. तिच्यावर तो खंडकरी झाला. मठाकडून जमीन खंडाने घ्यायची आणि पोटकुळांना कसायला द्यायची, हा तिथला रिवाज. तुबिगान नावाच्या भागात पाणी खेळवण्याच्या कामात त्याचा हात होता, असं क्रेग म्हणतो. मुलाला त्याने आपलं चिनी नाव दिलं नाही. मुलगा झाला फ्रान्सिस्को मेर्कादो. मेर्कादो म्हणजे बाजार. व्यापाऱ्याच्या मुलाला साजेसं. हा फ्रान्सिस्को बिन्यानचा कापितान, म्हणजे गावचा मुखिया झाला, आणि त्याच्या रेड्या-म्हशींच्या कळपाइतका मोठा कळप गावात कोणाचा नव्हता. त्याचा मुलगा हुआन. हाही मुखिया, तोही एकदा नव्हे. तेरा मुलांचा बाप.

या हुआनने एक गोष्ट केली, आणि मला या सगळ्या घराण्यात तोच माणूस सर्वात रोचक वाटतो. त्याने स्वतःचं नाव मेस्तिसोंच्या पाद्रोनमधून काढून इंदियोंच्या पाद्रोनमध्ये घालून घेतलं. एडगर विकबर्गने चिनी मेस्तिसोंवरच्या गाजलेल्या अभ्यासात हे नोंदवलं आहे. हुआनची आजी चिनी व्यापाऱ्याची मुलगी, आजोबा थेट चीनचा, आणि तरी एका दिवसात तो वहीने मूळचा रहिवासी ठरला. कर निम्मा झाला. पण नुसत्या कराचीच गोष्ट असेल असं मला वाटत नाही. बिन्यानसारख्या गावात मुखियापण मिळवायचं, साऱ्या गावाचं पुढारपण करायचं, तर गावातल्या बहुसंख्यांच्याच वहीत असलेलं बरं. राजकारणाला काय लागतं ते हुआनला कळत होतं. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी जुने दप्तरखाने चाळणाऱ्या पिढीला हुआन परका वाटू नये.

एक आडवळण घेतो, वसईत बोलतोय म्हणून घ्यायलाच हवं. दोमिंगोच्या बाप्तिस्म्याच्या साधारण शंभर वर्षं आधी, ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीत २६ ख्रिस्ती माणसांना क्रूसावर चढवलं गेलं. त्यांतला गोन्सालो गार्सिया तुमच्या गावचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जपानला गेला, व्यापार केला, मनिलाला आला आणि तिथे फ्रान्सिस्कन पंथात शिरला. मग दुभाषा म्हणून पुन्हा जपानला. १८६२ साली संत झाला. आता त्याला मनिलातल्या कोणत्या वहीत घालायचं? चिनी नाही, तिथल्या अर्थाने इंदियो नाही, स्पॅनिशही नाही. त्याच्या नावाने इथे चर्च आहे, कॉलेज आहे. लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो अशी आडनावं इथे घरोघरी आहेत. पण त्या आडनावांवरून कोणी पोर्तुगीज रक्ताचा अंदाज बांधायला लागला तर तुम्ही हसाल. पुढचा भाग ऐकताना हे हसू लक्षात ठेवा.

रिसालच्या आईकडची बाजू. तेओदोरा आलोन्सो, जन्म १८२० च्या दशकातला, शिकलेली, स्पॅनिश साहित्य वाचणारी बाई. तिच्या आईकडचे आजोबा मानुएल दे किन्तोस, लिंगायेनकडचे वकील, चिनी मेस्तिसो. आजी रेगिना उर्सुआ. या रेगिनाच्या बापाच्या, एउहेनियो उर्सुआच्या, अंगात जपानी रक्त होतं असं क्रेग सांगतो, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकं ‘रिसाल चिनी, जपानी, स्पॅनिश, मलाय, नेग्रितो’ अशी यादी मसाल्याच्या पाकिटावरच्या मजकुरासारखी छापत आली आहेत. जपानी धागा अशक्य नाही. जपानमध्ये ख्रिस्त्यांचा छळ सुरू झाल्यावर तिथले लोक मनिलाला आले. ताकायामा उकोन हा दाइम्यो, म्हणजे जपानी सरदार, १६१४ साली हद्दपार होऊन आला आणि काही आठवड्यांतच वारला. दिलाव नावाच्या भागात जपान्यांची वस्ती होती. पण वस्ती होती म्हणून उर्सुआ तिथलाच होता असं होत नाही, आणि या एका दुव्यावर मी तरी घर बांधणार नाही.

रक्ताची यादी करायचीच तर खरी अडचण वेगळी आहे. ज्यांचं रक्त सर्वात जुनं त्यांची वहीत नोंदच नाही. फिलिपीन्समधल्या आयता आदिवासींमध्ये डेनिसोवन या लुप्त मानवाचा अंश जगात सर्वाधिक आहे, असं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं. इंग्रजांच्या फौजेबरोबर १७६२ मध्ये मद्रासकडचे शिपाई मनिलाला उतरले. त्यांतले काही परत गेलेच नाहीत, मनिलाच्या पूर्वेला कायन्तात राहिले, तिथल्याच बायकांशी संसार मांडले. आजही कायन्ताचे लोक आपल्या त्या आजोबांचा उल्लेख करतात. पण पाद्रोनमध्ये त्यांच्यासाठी वेगळा गट नव्हता, आणि दोनएक पिढ्यांत ते इतरांत मिसळून गेले. याउलट स्पॅनिश रक्त. तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, देशभर स्पॅनिश आडनावं दिली, पण जनुकांच्या अभ्यासात स्पॅनिश अंश सापडतो तो थोड्याच समूहांत आणि तोही अल्प.

मग ही आडनावं आली कुठून? २१ नोव्हेंबर १८४९ ला गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरियाने फर्मान काढलं. बाप्तिस्मा झाला की लोक संताचंच नाव आडनाव म्हणून लावत. दे ला क्रूस आणि दे लोस सान्तोस इतके झाले की कर वसूल करायचा कोणाकडून आणि कोण गाव सोडून पळाला, याचा पत्ता लागेना. म्हणून सुमारे ६०,००० आडनावांची वर्णक्रमाने यादी छापली. तिच्यात स्पॅनिश घराणी होती, झाडं होती, खनिजं होती, गावांची नावं होती, तिथल्या भाषांतले शब्दही होते. प्रांताच्या अधिकाऱ्याने यादीतली पानं गावोगाव पाठवायची. गावचा पाद्री, मुखिया आणि दोन प्रतिष्ठित माणसं बसणार, मोहल्ल्याचा प्रमुख आपल्या ताब्यातली कुटुंबं घेऊन येणार, आणि घरातल्या थोरल्या माणसाने हाती आलेल्या पानावरून एक आडनाव उचलायचं. गावाला एकच पान गेलं तर अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराची. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘आर’ने सुरू होणारी आडनावं भरभरून आहेत. चार पिढ्या जे आडनाव चालत आलं असेल ते ठेवायला मुभा होती.

मला त्या टेबलाचं दृश्य डोळ्यापुढे येतं. समोर पान, मागे रांग, बोट ठेवायला क्षणभर. तो क्षण संपला की पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव ठरलं. त्यामुळे फिलिपिनो माणसाचं आडनाव गार्सिया असो वा रामोस, त्यावरून त्याच्या आजोबाने कोणत्या पानावर बोट ठेवलं एवढंच कळतं. राष्ट्राध्यक्ष कोरासोन आकिनो १९८८ मध्ये फूच्येनमधल्या हुंगच्येन या पूर्वजांच्या गावाला जाऊन आल्या. त्यांचं माहेरचं कोहुआंगको हे आडनाव मात्र पानावरचं नव्हतं. ते चिनी पूर्वजाचं पूर्ण नाव एकत्र गुंफून झालेलं.

हुआनचा धाकटा मुलगा, रिसालचा बाप, तोही फ्रान्सिस्को. मनिलात शिकलेला, २८ जून १८४८ ला तेओदोराशी लग्न केलं आणि बिन्यान सोडून जवळच्या कलांब्याला आला. त्याच्या वाट्याला क्लावेरियाच्या वेळी ‘रिसाल’ हे आडनाव आलं. हिरवंगार शेत अशा अर्थाच्या शब्दावरून. अधिकारी ओळखीतला होता आणि त्याने ते सुचवलं, असं रिसालने पुढे मित्र ब्लूमेन्ट्रिटला कळवलं. तेओदोराच्या माहेरच्यांना मिळालं रेआलोन्दा. गंमत अशी की घरात हे नवं आडनाव कोणी वापरत नव्हतं. कागदावर रिसाल, तोंडी मेर्कादो, जसं चाललं होतं तसंच.

हे चालू राहिलंही असतं, पण १७ फेब्रुवारी १८७२ ला गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्रींना बंडाच्या आरोपावरून मनिलात गळा आवळून मारलं गेलं. होसेचा थोरला भाऊ पासियानो हा बुर्गोसचा लाडका विद्यार्थी, आणि तो मेर्कादो म्हणून ओळखला जायचा. त्याच वर्षी ११ वर्षांचा होसे मनिलात जेझुइटांच्या आतेनेओ शाळेत दाखल झाला. भावाच्या नावाचा डाग नको म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं होसे रिसाल. घरात तो एकटाच रिसाल. आपण घरात उपरे ठरलो असं वाटण्याइतकं ते त्याला बोचलं. पुढे त्याच्या लेखणीमुळे ते आडनाव इतकं धोकादायक आणि मग इतकं मोलाचं झालं की सारं घरच रिसाल झालं. लॅम-कोने मुलाचं नाव बदललं, हुआनने वही बदलली, पासियानोच्या सावधपणाने होसेचं आडनाव बदललं. तिघांनीही तेच केलं, वेगवेगळ्या काळात.

वहीत नोंद न होणं ही शिक्षाही असू शकते, हे या घराण्याने कलांब्यात अनुभवलं. कलांब्याची जमीनही दोमिनिकन मठाचीच. रिसालचा बाप तिथला मोठा खंडकरी. १८८७ पासून खंडावरून वाद पेटला आणि १८९१ मध्ये सैन्य घालून शेकडो कुटुंबांना घराबाहेर काढलं. ज्या मठाच्या आश्रयाने लॅम-को शेतकरी झाला त्याच मठाने त्याच्या चौथ्या पिढीला उठवलं. या वादाच्या मध्यावर, १८८९ साली, रिसालची बहीण लुसिया हिचा नवरा मारियानो एर्बोसा कॉलऱ्याने वारला. तो कबुलीजबाबाला येत नव्हता असं म्हणून त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. कॉलऱ्याने मेलेल्यांना इतर वेळी सहज जागा मिळत होती. रिसालने त्यावर जळजळीत लेख लिहिला. एर्बोसाचा जन्म, बाप्तिस्मा आणि लग्न चर्चच्या वहीत होतं. मरण मात्र त्यांनी गावाबाहेर टाकलं.

रिसालच्या कादंबऱ्या या अंगाने वाचल्या की वेगळ्याच उलगडतात. १८८७ मध्ये बर्लिनला छापलेल्या ‘नोली मे तान्गेरे’मध्ये जवळजवळ प्रत्येकाची वंशावळ खोटी आहे. कापितान तियागो मेस्तिसोंच्या गटाचा मुखिया होतो, आणि बरेच लोक म्हणतात हा मेस्तिसो आहेच कुठे. दोन्या विक्तोरिना पावडर थापून, खोटे कुरळे केस लावून स्पॅनिश होते आणि नवऱ्याच्या आडनावात एक जादा ‘दे’ घुसवते. नायिका मारिया क्लारा तियागोची लेक म्हणून वाढते, ती खरी पाद्री दामासोची. नायक इबारा स्पॅनिश पूर्वजाचा वंशज, आणि तेच नाव त्याच्यावर उलटतं. मला वाटतं, हे सगळं लिहिणारा माणूस आपल्या घरातल्या वहीतल्या कसरती ओळखून होता.

पण त्याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकायचं कारण नाही. चिन्यांबद्दल त्याचं मत बरंचसं गावातल्या सामान्य माणसाचंच. दुसऱ्या कादंबरीतला चिनी व्यापारी किरोगा लाघवी आणि लबाड असा रंगवला आहे. दापितानला १८९२ ते १८९६ हद्दपारीत असताना त्याने शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली, ती चिनी व्यापाऱ्यांची पकड मोडायला. पाच पिढ्यांपूर्वी स्वतःचा पूर्वज याच वाटेने आला होता, हा विचार त्याच्या मनात आला असेलही; त्याच्या धोरणात तो उतरला नाही. युरोपात त्याने मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या फिलिपीन्सवरच्या १६०९ च्या ग्रंथाची स्वतःच्या टिपांसह आवृत्ती १८९० मध्ये काढली, ती स्पॅनिश येण्यापूर्वी आपल्या बेटांवर सुसंस्कृत समाज होता हे दाखवायला. तो शोधत होता ते पूर्वज बेटांवरचे होते, लॅम-को नव्हे. १८८९ मध्ये पॅरिसला त्याने आणि मित्रांनी गट केला, त्याचं नावच शूर इंदियो. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी टोपीसारखा चढवला.

दापितानलाच त्याच्या आयुष्यात जोसेफीन ब्रॅकन आली. हाँगकाँगमध्ये जन्मलेली, आईबाप आयरिश. रिसालने आधी आपली मतं मागे घ्यावीत, मगच लग्न लावू, असं चर्चने सांगितलं, म्हणून दोघे लग्नाशिवाय राहिले. मूल झालं ते वाचलं नाही. म्हणजे सहाव्या पिढीत चिनी, स्थानिक, कदाचित जपानी धाग्यांना आयरिश धागा लागला असता. पण ते घडलं नाही, आणि घडलं असतं तरी कोणत्या वहीत?

आज जिन्ज्यांगमध्ये लॅम-कोच्या गावी रिसालच्या नावाचा चौक आहे, पुतळा आहे. गावाने पाच पिढ्यांनंतर आपला मुलगा परत मागून घेतला. फिलिपीन्समधल्या चिनी वंशाच्या लोकांना १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या आदेशाने सरसकट नागरिकत्व मिळणं सोपं झालं, त्यानंतर त्यांनाही रिसाल आपला म्हणायला मोकळीक मिळाली. मनिलाच्या इन्त्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या भागात त्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे गेलेल्याला हा धागा दिसतो. हे सगळं रास्तच आहे.

आता १८९६ चा डिसेंबर. स्पेनविरुद्धच्या बंडाचा सूत्रधार म्हणून २६ तारखेला लष्करी न्यायालयात रिसालची सुनावणी झाली, गव्हर्नर-जनरल पोलाव्येहाने मृत्युदंडाला मान्यता दिली, २९ ला सकाळी कोठडीत निकाल वाचून दाखवला. त्यात रिसालचा उल्लेख चिनी मेस्तिसो असा होता. त्याने हरकत घेतली. आपण इंदियो आहोत, असं सांगितलं. ३० ला बागुम्बायानच्या मैदानावर त्याला मारलं. त्याला पाको दफनभूमीत पेटीशिवाय, खुणेशिवाय पुरलं. पाको म्हणजे जुनं दिलाव, जपान्यांची ती वस्ती. बहीण नार्सिसाने जागा शोधून तिथे ‘आर.पी.जे.’ अशी त्याच्या नावाची उलटी आद्याक्षरं कोरून घेतली.

त्या हरकतीवर बरेच अभ्यासक नाराज असतात. चिनी पूर्वज नाकारला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. न्यायालयाच्या कारकुनाने रक्त पाहिलं नव्हतं, कागद पाहिले होते, आणि कागदाने रिसाल बरोबर होता. त्याच्या आजोबाने, हुआनने, नाव रीतसर इंदियोंच्या वहीत हलवलं होतं. बाप त्याच वहीत वाढला. शिवाय १८८० च्या दशकातल्या करसुधारणेने मेस्तिसो आणि इंदियो हा करातला भेदच रद्द झाला होता. सरकारने स्वतः मिटवलेला शब्द बारा वर्षांनी निकालपत्रात परत आणला, आणि माझ्या मते तो सहज आलेला नाही. ज्या लोकांच्या बंडाचा सूत्रधार म्हणून या माणसाला मारायचं होतं, त्याच लोकांचा तो नाही, असंही त्याच कागदावर लिहून ठेवायची सोय होती. हुआनने वही बदलली तेव्हा त्याचा कर वाचला आणि गावचं मुखियापण पदरात पडलं. नातवाने तीच नोंद धरून ठेवली तेव्हा त्याला त्यातून काही मिळणार नव्हतं. निकाल लागून गेला होता.